विश्वंभरचे दोन रांजण

तमाम ग्रामस्थ, माता-भगिनी आणि शाळेचे आजी-माजी विद्यार्थी यांना अत्यंत जड अंतःकरणानं, पण खड्या आवाजात कळवण्यात येतं की, माझं भाषण रंगात आलेलं असताना मागून सदरा ओढून मला खाली बसवण्याची हिंमत असलेला या तालुक्यातला एकमेव माणूस गेल्या महिन्यात वारला. सबब यापुढं माझ्या बोलण्याला कसलाही आळा उरलेला नाही. सभेला येणाऱ्यांनी आपापल्या जबाबदारीवर यावं.

तो माणूस म्हणजे डॉक्टर विश्वंभर. आमच्या गावातला पहिला पीएच. डी., आणि माझ्यासाठी बिगारीपासूनचा विशा. त्याची बातमी आली तेव्हा मी शाळेच्या मधल्या खोलीत जमिनीवर पडलो होतो. स्नेहसंमेलनाचं नाटक बसत होतं आणि रंगमंचावर मरायचं कसं, हे मी पोरांना करून दाखवत होतो. डावा हात छातीवर, उजवा आडवा फेकलेला, एक डोळा किलकिला, कारण मेल्यावरही प्रेक्षकांकडं लक्ष ठेवावं लागतं. त्या किलकिल्या डोळ्याला दारात लातूरच्या गाडीचा कंडक्टर दिसला. तो म्हणाला, "मास्तर, उठा. परभणीहून निरोप हाय." चिठ्ठी वाचली आणि परत खाली बसलो. पोरांना वाटलं, मास्तर आता नाटकातलं रडणं शिकवतायत. कुणीतरी पाठीमागून टाळीसुद्धा वाजवली... विशा असता तर हसला असता.

दोन-अडीच महिन्यांपूर्वीच तो घरी येऊन गेला होता. त्याची एक खोड होती. कुणाच्याही घरी गेला की आधी 'बसा' म्हणायच्या आत कणगीपाशी जायचा, झाकण सारायचा आणि आतल्या ज्वारीचा वास घ्यायचा. लोक देवघरापुढं वाकतात, हा कणगीत वाकायचा. त्या दिवशीही वाकला आणि आमच्या मंडळींना म्हणाला, "वैनी, वरची चार पायली ऊन दाखवा. आत गरम व्हायलीय." हात न घालता, नुसत्या वासावर! दुसऱ्या दिवशी उपसून बघितलं तर खरंच खालून ऊब लागत होती. त्याचं सगळं आयुष्य असंच धान्याच्या वासामागं गेलं. का गेलं, ते सांगायचं तर बरंच मागं जावं लागेल.

आमच्या भागात ज्वारी पेवात ठेवतात. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठी. तोंड एका माणसापुरतं, पोट खोलीएवढं. कडेनं कडब्याचा थर द्यायचा, ज्वारी भरायची, तोंडावर शिळा ठेवायची आणि मातीनं लिंपून टाकायचं. वर्ष, दोन वर्षं ज्वारी तिथं झोपून असते. पेव उघडायचं म्हणजे सणच. सुवासिनीनं शिळेला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, मग गड्यानं आत उतरून पोती भरायची. विशाचा थोरला भाऊ नामदेव हा शिरपतराव पाटलांकडं सालानं होता. पेवात उतरायला पाटलांना त्याच्याइतका भरवशाचा गडी दुसरा नव्हता.

निजामीतली शेवटची वर्षं होती. लेव्हीची ज्वारी घ्यायला गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार, यायचा होता. पाटलीणबाई माहेरी गेलेल्या, म्हणून नामदेवच्या बायकोला, गोदावहिनीला, हळदकुंकवाला बोलावलं. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तिला. तिनं कुंकू लावलं, नारळ फुटला, शिळा सरकली. एरवी पेव उघडलं की दोन दिवस तसंच उघडं ठेवतात. त्या दिवशी गिरदावर दुपारीच येणार होता. नामदेवला लगेच आत उतरवलं. तो वर आला नाही... आला तो दोरीनं ओढून आणलेला.

गावाला घाई आठवली नाही, गावाला कुंकू आठवलं. पेवात काहीतरी होतं आणि ते या नव्या नवरीच्या हातानं जागं झालं, असं ठरलं. कुणी ठरवलं ते सांगता येणार नाही. अशा गोष्टी ठराव न मांडता पास होतात. त्यानंतर वहिनीला कुणी खळ्यावर येऊ देईना. पेरणीच्या दिवसांत कुणी बियाणं घेऊन समोरून आलं तर तीच वाटेवरून बाजूला होऊन पाठ फिरवून उभी राहायची. तिला कुणी सांगायची वेळही यायची नाही. ती गोधड्या शिवायची. तिच्या हातची गोधडी गावाला चालायची, बाळंतिणीच्या अंगावरसुद्धा चालायची, फक्त तिचा हात दाण्याला लागलेला चालायचा नाही. आम्ही गाववाले असे बारकाव्याचे लोक.

विशा तेव्हा दहा वर्षांचा. आई-बाप आधीच गेलेले. घरात हे दोघंच. दीर अर्ध्या चड्डीतला, नाक पुसायची अक्कल नसलेला, पण वहिनी त्याला रीतीप्रमाणं 'भावजी' म्हणायची. "भावजी, तोंड धुवा." "भावजी, पाटी कुठं हरवली?" त्या गोधड्यांवर तिनं त्याला आधी लोहाऱ्याला, मग तुळजापुरात आणि पुढं थेट हैदराबादेला शिकायला पाठवलं. गावानं वेड्यात काढलं. ती कुणाला उत्तर द्यायच्या भानगडीत पडली नाही. बोलणं तिनं त्या पेवापाशीच ठेवलं होतं म्हणा ना.

हैदराबादेत हा पठ्ठ्या रसायनशास्त्र शिकला आणि संशोधनाला विषय कुठला घ्यावा? पेवातली हवा! सुट्टीत गावी यायचा तो काचेच्या बाटल्या आणि सुतळ्या घेऊन. कुठं पेव उघडतंय असं कळलं की सायकल काढायची, पार जळकोटपर्यंत जायचं आणि मालकाच्या हातापाया पडून दोरीनं बाटली आत सोडायची. वरून दुसरी दोरी ओढली की बूच निघायचं, आणखी एक ओढली की बसायचं. लोकांचा समज झाला की हा पेवातलं भूत बाटलीत भरून हैदराबादेला नेतो. एक म्हातारा तर मला कानाशी येऊन म्हणाला होता, "मास्तर, आमच्या पेवातलं न्यायला सांगा की. लई वर्सं झाली त्येला." मी म्हटलं, "नंबर लावा." विशानं तेव्हाही माझा सदरा ओढला होता.

निजामी गेली, पुढं महाराष्ट्र राज्य झालं आणि त्याच सुमारास विशा डॉक्टर होऊन गावी आला. तीनशे पानांचा प्रबंध, इंग्रजीत, निळ्या कापडी बांधणीचा. वहिनीनं तो आधी देवापुढं ठेवला आणि मग, जड आहे म्हणून, नव्या गोधडीची घडी दाबायला वापरला. नेमका त्याच पंधरवड्यात गावाला सरकारी रेडिओ मंजूर झाला. चावडीपुढं मंडप, अध्यक्ष शिरपतराव पाटील, उद्घाटनाला लोहाऱ्याहून जीपनं साहेब, सूत्रसंचालक अर्थातच अस्मादिक. मी पाटलांना पटवलं की साहेबांची जीप काही वेळेवर येत नसते, तोवर आपल्या डॉक्टरनं आपल्या अभ्यासाबद्दल चार शब्द सांगावेत. पाटील म्हणाले, "सांगू द्या की. धा मिन्टं. जीप दिसली की बंद."

तीनशे पानं, दहा मिनिटं! विशाचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "अरे, मी दहा मिनिटांत अख्खं महाभारत करतो." तो म्हणाला, "तू करतोस. मला फक्त खरं सांगायचंय." पण मला ठाऊक होतं, त्याला ते सबंध गावाला, वहिनीच्या देखत सांगायचं होतं. वहिनीच्या डोक्यावरचं खापर उतरवायची ही एकच संधी होती. सगळं गाव एका मांडवात पुन्हा केव्हा बसणार? आणि त्यातही घोडं अडलं होतं ते असं की वहिनीच यायला तयार नव्हती.

"मी न्हाय येत, भावजी," ती म्हणाली. "त्यो रेडिओ बंद पडला तरी माझ्यावर घालतील."

"तुमी न्हाय आलात तर मी बोलणार न्हाय," विशा म्हणाला. तीन दिवस दोघं हट्टाला पेटले. शेवटी ती कबूल झाली, बायकांच्या सगळ्यात मागं, भिंतीच्या कडेला बसायच्या अटीवर.

मग आमच्या अंगणात तालमी सुरू झाल्या. विशानं सुरुवात केली, "धान्य ही सजीव वस्तू असून तिच्या श्वसनक्रियेमुळं बंदिस्त अवकाशातील प्राणवायूचं प्रमाण..." मी थांबवलं. "विशा, तंबाखू मळणाऱ्याचा हात थांबला पाहिजे असं पहिलं वाक्य सांग." तो चिडला, "मग काय, तमाशा करू?" मी म्हटलं, "थोडा कर." त्यानं रात्रीत पानं खोडली, सकाळी परत भरली. शेवटी एक वाक्य त्याला सापडलं, माझ्या मदतीशिवाय: 'दाणा श्वास घेतो.'

आणि शब्दांना जोड म्हणून दाखवायचा एक प्रयोग ठरला. कमरेएवढे दोन रांजण आणले, निम्मे ओलसर ज्वारीनं भरले आणि मातीनं लिंपून आमच्या सोप्यात ठेवून दिले. हीच छोटी पेवं. आठ दिवसांनी सभेत एकाचं झाकण काढायचं, आत तारेनं पेटती चिमणी सोडायची आणि ती लोकांसमोर विझताना दाखवायची. "एक पुरे की," मी म्हटलं. तो म्हणाला, "एकदा झालं तर लोक योगायोग म्हणतात. कायम दोन करावं."

आता माझा पराक्रम सांगतो. सभेच्या दिवशी सकाळी विशा परगावच्या पाहुण्यांना आणायला गेला होता. आमच्या सोप्यात एका रांजणाच्या लिंपणाला चीर गेलेली आणि तिच्यातून आंबूस वास येत होता. आमची मंडळी म्हणाली, "घरात भट्टी घातली का काय? सायेबापुढं असला घाण वास न्येणार?" मला तर ते पटलंच! गावची अब्रू, लोहाऱ्याचा साहेब, आणि आमच्या डॉक्टरची ज्वारी अशी नासकी? मी मोठ्या मायेनं तो रांजण फोडला... म्हणजे लिंपण फोडलं. ज्वारी बाजेवर पसरून चांगली ऊन दाखवली, रांजण पुसून घेतला, दुपारी परत भरला आणि नव्या मातीनं असा लिंपला की पहिल्यापेक्षा देखणा. वर हळदीची बोटं ओढली. दुसऱ्याचंही करणार होतो, पण बाज एकच होती.

सभा भरली. साहेबांची जीप नव्हती. मी प्रास्ताविक केलं, ते थोडं लांबलं, सदरा ओढला गेला, बसलो. विशा उभा राहिला. कागद हातात, आणि तालमीतलं सगळं विसरून सुरू झाला, "धान्य ही सजीव वस्तू असून..." मी डोळे मिटले. मांडवात तंबाखू जोरात मळली जात होती. कुणीतरी म्हणालं, "मराठीत बोला की, डॉक्टर!" विशा थबकला, कागद खिशात घातला आणि म्हणाला, "दाणा श्वास घेतो." हात थांबले. "तुमी-आमी घेतो तसाच. पेव बंद केलं की आतली हवा दाणा खाऊन टाकतो. मग तिथं किडा जगत न्हाय, म्हणून तर ज्वारी टिकती. पण जिथं किडा जगत न्हाय तिथं माणूस कसा जगंल? भूत न्हाय, काय न्हाय. दाखवतो." एवढं ऐकून भिंतीशी बसलेली वहिनी पहिल्यांदा मान वर करून बघायला लागली.

त्यानं जवळचा रांजण ओढला. तोच, देखणा, हळदीच्या बोटांचा. लिंपण फोडलं, चिमणी पेटवली, आत सोडली. "आता ही विझंल," तो म्हणाला.

चिमणी विझली नाही. आत इतकी छान जळत होती की रांजणाच्या काठावर उजेड पडला. विशानं ती आणखी खाली सोडली. ती आणखी छान जळाली.

"डॉक्टर, तुमचा दिवा तुमचं ऐकंना की वो!"

"फुंकर घाला की!"

हशा पिकला. बायकांमधून एक बाई भिंतीकडं बघत म्हणाली, "ती बसलीय नव्हं, मग कसं हुईल?" वहिनीनं पदर ओढला आणि उठायला लागली. त्याच वेळी नेमका वेशीकडून जीपचा धुरळा दिसला. पाटलांनी हात वर केला, म्हणजे बंद. विशा वाकून रांजणात बघत होता. त्याचं तोंड मला दिसत नव्हतं. आयुष्यात कधी नव्हे ते मला बोलावंसं वाटत नव्हतं. तरी ओरडलो. "विशा! तो म्या सकाळी उपसून वाळवला! वास येत होता म्हणून! दुसऱ्याला हात न्हाय लावला!"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, संपली मैत्री. पण तो हळूहळू हसायला लागला. मागं जाऊन दुसरा रांजण स्वतः ओढत आणला, फोडला, तीच चिमणी काढून त्यात सोडली. काठाच्या खाली जाते न जाते तोच ती मिचमिचली आणि गेली. पुन्हा पेटवून सोडली, पुन्हा गेली. त्यानं ती परत पहिल्या रांजणात सोडली तर जळतीय. दुसऱ्यात, गेली. पुढचे लोक उठून रांजणाभोवती आले. साहेबांची जीप येऊन थांबली, साहेब उतरले, हार घेऊन कुणी पुढं जाईना. बिचारे टोपी हातात घेऊन मागंच उभे राहून बघायला लागले.

"मी तीनशे पानं लिहून जे सांगू शकलो न्हाय ते माझ्या ह्या मित्रानं चूक करून दाखवलं," विशा म्हणाला. "ज्वारी तीच. रांजण तसाच. याचं झाकण निघून हवा खेळली, तर दिवा जगला. त्याचं न्हाय निघालं, तर मेला. कुंकू दोन्हीला न्हवतं, हळद तर ह्या जळत्याला लावलीय." त्यानं तार खाली ठेवली. "माझा दादा उतरला त्या दिवशी शिळा काढून किती येळ झाला होता... एवढंच मला विचारायचं होतं. माझ्या पुस्तकात तेवढंच हाय. बाकी कुणावर काय म्हणणं न्हाय." आणि तो खाली बसला. पाटलांकडं त्यानं एकदाही बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, बाकी सगळा मांडव बघत होता.

नंतर तो परभणीकडं नोकरीला लागला, मोठा झाला, त्याच्या नावाच्या पुढं-मागं बरीच अक्षरं लागली. मला मात्र तो सगळीकडं 'माझा सहसंशोधक' म्हणून पुढं करायचा. बड्या बड्या लोकांपुढं गंभीर तोंडानं सांगायचा, "या कामातला निर्णायक प्रयोग यांनी केला." माझ्या मूर्खपणाला असा मान दुसऱ्या कुणी दिला असता असं मला वाटत नाही. मी त्याचे उपकार कसे मानू? आमच्या गावात त्यानंतर पेवात एकही माणूस दगावलेला नाही. आजही शिळा निघाली की दोन दिवस पेव उघडं राहतं, मग दोरीला बांधून कंदील आत जातो, आणि तो जळता वर आला तरच गडी उतरतो. ते सगळं मी रोज बघतो. पोरांना शिकवतानाही मी हल्ली एखादी चूक मुद्दाम करतो, उगाच काहीतरी निघालं तर निघालं. त्याच्यामुळं मला हे कळलं की थोडक्यात सांगणं म्हणजे कमी सांगणं नव्हे... पण मला अजून जमत नाही, हे हा लेख वाचताना तुमच्या ध्यानात आलं असेल.

तर त्या दुपारचं एवढंच राहिलं. विशा खाली बसला आणि कुणी टाळी वाजवली नाही. साहेब, हार, रेडिओ, सगळं जिथल्या तिथं. शिरपतराव पाटील खुर्चीत बसून त्या दोन रांजणांकडं बघत होते. मग ते काठी टेकून उठले. मला वाटलं, आभार मानतील. ते व्यासपीठावरून खाली उतरले, पुरुषांच्या मधून चालत बायकांच्या कडेपर्यंत गेले. बायका भराभर सरकल्या. भिंतीपाशी वहिनी अर्धवट उठलेली, तशीच थांबली होती. इतकी वर्षं पाटील तिला 'नामदेवची ती' म्हणत आले होते. त्या दिवशी नाव घेऊन बोलले.

"गोदाबाई, पुढल्या म्हैन्यात आमचं पेव उघडायचंय. शिळेला हळदकुंकू तुमी लावायचं."

बायकांमधून एक मोठा श्वास वर गेला. विधवेच्या हातचं कुंकू, तेही पाटलांच्या पेवाला! कुणीतरी "आवं पाटील..." म्हणायला लागलं आणि मध्येच थांबलं. विशा जागेवर उभा राहिला होता. वहिनी खाली बघत उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. आता ही रडणार, असं सगळ्यांनाच वाटलं. तिनं मान वर केली आणि वर्षानुवर्षं चार माणसांत तोंड न उघडलेली ती बाई, पार वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, बोलून गेली:

"लावते की! पर पाटील, आदी शिळा काढून दोन दिस ऱ्हाऊ द्या. मागल्या खेपंसारखी घाई करू नका!"